कॅन्सरच्या पेशी, साखर आणि ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशंटचे नातेवाईक, बारावी-बीएस्सीची मुलं आणि अधूनमधून एखादे फॅमिली डॉक्टर या विषयावर जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख टाळण्यासाठी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. औषधात किंवा आहारात कोणताही बदल करायचा तो आपल्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच करा.

१. निरोगी पेशी ऊर्जा कशी मिळवते? अगदी सुरुवातीपासून सांगा.

रक्तातलं ग्लुकोज पेशीत शिरतं आणि पेशीद्रवात त्याचे दोन तुकडे होतात. हे ग्लायकोलायसिस. ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, २ रेणू हाती लागतात आणि पायरुव्हेट उरतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर हे पायरुव्हेट तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात जातं, तिथे त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत पूर्ण ज्वलन होतं आणि सगळी बेरीज साधारण ३० ते ३२ एटीपी होते. जुन्या पुस्तकांत ३६ किंवा ३८ आकडा दिसतो. ऑक्सिजन कमी पडला किंवा ऊर्जेची मागणी एकदम वाढली, जसं जोरात धावताना मांडीच्या स्नायूंत होतं, तर पायरुव्हेटपासून लॅक्टेट तयार होतं आणि पेशी त्या २ एटीपींवर वेळ निभावून नेते.

२. मग कॅन्सरची पेशी वेगळं काय करते?

ऑक्सिजन हाताशी असतानाही ती भरपूर ग्लुकोज ओढते आणि त्यातलं बरंचसं लॅक्टेट करून बाहेर टाकते. हे पहिल्यांदा नीट मोजलं जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी, १९२०च्या दशकात, बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. उंदराच्या गाठीचे अगदी पातळ काप करायचे, इतके पातळ की आतल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचावा. ते काचेच्या छोट्या भांड्यात ग्लुकोज आणि बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवायचे. पेशींनी लॅक्टिक आम्ल सोडलं की बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, भांड्यातला दाब वाढतो आणि जोडलेल्या बारीक नळीतला द्रव वर सरकतो. तो किती सरकला यावरून आम्ल किती झालं ते कळतं. ऑक्सिजन देऊनही गाठीच्या कापांतून आम्ल येतच राहिलं. बहुतेक निरोगी ऊतींच्या कापांत ते जवळजवळ थांबत होतं.

काचेच्या भांड्यातली गोष्ट जिवंत शरीरातही घडते का, हे १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने दाखवलं. एका पंखात गाठ असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतून परतणारं रक्त त्यांनी ताडून पाहिलं. गाठीच्या बाजूच्या रक्तात ग्लुकोज कमी होतं आणि लॅक्टिक आम्ल जास्त. या वागणुकीला ‘वॉरबर्ग परिणाम’ हे नाव पुढे १९७०च्या दशकात एफ्रेम रॅकर यांच्या लिखाणातून रूढ झालं.

३. वॉरबर्ग यांना कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नोबेल मिळालं, असा फॉरवर्ड येतो. खरं आहे का?

नाही. नोबेल खरं, साल १९३१ हेही खरं. पण ते पेशीश्वसनातल्या एन्झाइमचं स्वरूप आणि कामाची पद्धत उलगडल्याबद्दल होतं. कॅन्सरचं मूळ तंतुकणिकांच्या कायमच्या बिघाडात आहे, हे त्यांचं ठाम मत होतं आणि १९५६ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. त्याच वर्षी सिडनी वाइनहाउस यांनी गाठीच्या पेशी ऑक्सिजन वापरतात हे दाखवत त्याला हरकत घेतली. निरीक्षण वॉरबर्ग यांचं टिकलं, कारणमीमांसा टिकली नाही. ‘ऑक्सिजनमध्ये कॅन्सर जगूच शकत नाही’ हे त्या फॉरवर्डमधलं वाक्य तर वॉरबर्ग यांच्या प्रयोगाच्याच विरुद्ध आहे: त्यांच्या गाठी ऑक्सिजनमध्येच लॅक्टेट तयार करत होत्या.

४. ३० एटीपी मिळत असताना २ वर समाधान मानायचं, हा तोट्याचा व्यवहार पेशी का करते?

मला या विषयातला सगळ्यात आवडता प्रश्न हाच, आणि याचं उत्तर एका ओळीत संपत नाही.

पहिली गोष्ट, रक्तातून ग्लुकोज सतत येत असताना काटकसर करायची गरज नसते. ग्लायकोलायसिसचा वेग पूर्ण ज्वलनाच्या १० ते १०० पट असू शकतो. दर रेणूमागे कमी, पण दर मिनिटाला पुरेसं, असा हिशोब बसतो.

दुसरी गोष्ट, दुभंगणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच माल लागतो. एकाच्या दोन पेशी व्हायच्या तर डीएनए, आवरणातली चरबी, प्रथिनं सगळं दुप्पट हवं. लाकूड सरपण म्हणून जाळता येतं आणि त्याचेच वासे-तुळयाही होतात. घर बांधायला काढलेला माणूस सगळं लाकूड चुलीत घालत नाही. ग्लायकोलायसिसच्या मधल्या टप्प्यांवरून फाटे फुटतात. एका फाट्यावर डीएनएसाठी लागणारी रायबोज शर्करा आणि चरबी बांधायला लागणारं एनएडीपीएच तयार होतं, दुसऱ्यावर सेरीन हे अमिनो आम्ल. २००९ मध्ये वँडर हायडेन, कँटली आणि थॉम्पसन यांनी हा विचार नेटकेपणाने मांडला आणि या क्षेत्राला पुन्हा जाग आली.

पण एवढ्यावर थांबलं तर उत्तर अपुरं राहतं. गाठ जे ग्लुकोज ओढते, त्यातला बराच कार्बन लॅक्टेट होऊन बाहेर जातो. बांधकामासाठीच हवा होता तर फेकला का? इथे तिसरा मुद्दा येतो. ग्लायकोलायसिस चालू ठेवायला एनएडी प्लस नावाचा वाहक रेणू मोकळा लागतो, आणि पायरुव्हेटचं लॅक्टेट केलं की तो लगेच मोकळा होतो. वाढणाऱ्या पेशीची अडचण पुष्कळदा एटीपीची नसून या वाहकाची असते, असं अलीकडची कामं सुचवतात. मला स्वतःला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, पण तिन्ही कारणं एकत्र काम करत असणार.

आणि ही चाल कॅन्सरने शोधून काढलेली नाही. जंतुसंसर्गाशी लढायला झपाट्याने वाढणाऱ्या टी-पेशी आणि आपल्या डोळ्यातला पडदाही ऑक्सिजन असताना लॅक्टेट करतात.

५. म्हणजे कॅन्सरच्या पेशीत तंतुकणिका निकामी असतात का?

बहुतेक गाठींत नसतात. त्या कामाला असतात आणि गरजेच्या असतात. प्रयोगात उंदराच्या कॅन्सर पेशींमधला तंतुकणिकांचा डीएनए काढून टाकला, तेव्हा त्यांची गाठ धरायला फार वेळ लागला, आणि धरली ती यजमान उंदराच्या पेशींकडून तंतुकणिका मिळवल्यावरच. हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी दोन गटांनी दाखवलं की वाढणाऱ्या पेशीला श्वसन लागतं त्याचं एक मोठं कारण अस्पार्टेट हे अमिनो आम्ल बनवणं हे आहे. खरोखर बिघडलेल्या तंतुकणिकांचे अपवाद प्रश्न १७ मध्ये.

६. हा बदल घडवून आणतं कोण?

जी जनुकं पेशीला ‘वाढ’ म्हणतात, तीच तिची शिधासामग्रीही ठरवतात. पीआय३के-एकेटी हा वाढीचा संदेश पोचवणारा मार्ग अति सक्रिय झाला की ग्लुकोज आत आणणारी दारं, विशेषतः ग्लट-१, पेशीच्या पृष्ठभागावर वाढतात. मिक हे जनुक ग्लायकोलायसिसची एन्झाइम्स आणि ग्लुटामिनचा वापर दोन्ही वाढवतं. पी५३ हे गाठी रोखणारं जनुक शाबूत असताना याला लगाम घालतं. अनेक गाठींत तेच हरवलेलं असतं.

आणखी एक नाव लक्षात ठेवण्याजोगं: एचआयएफ, ऑक्सिजन कमी पडला की जागं होणारं प्रथिन. ऑक्सिजनचा अंदाज पेशी कशी घेते हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये एचआयएफ मोडीत काढायला लागणारं व्हीएचएल जनुक बहुधा हरवलेलं असतं, त्यामुळे ऑक्सिजन असूनही एचआयएफ मोडीत निघत नाही आणि पेशी गुदमरल्यासारखी वागत राहते. एचआयएफच्या एका प्रकाराला अडवणारं बेल्झुटिफान हे औषध २०२१ पासून अमेरिकेत मंजूर आहे.

७. साखर, गूळ, भात सगळं बंद केलं तर गाठ उपाशी मरेल का?

नाही. ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो तिथे बहुतेक वेळा पेशंटच्या ताटातला भात आधीच काढून घेतलेला असतो, म्हणून हे सविस्तर.

तुम्ही साखर खा किंवा खाऊ नका, शरीर रक्तातलं ग्लुकोज एका मर्यादेखाली जाऊ देत नाही, कारण मेंदूला आणि तांबड्या पेशींना ते लागतंच. जेवणातून आलं नाही तर यकृत साठ्यातून सोडतं. साठा संपला की स्नायूंची प्रथिनं मोडून नवीन बनवतं. म्हणजे भात बंद केल्यावर गाठीला ग्लुकोज मिळत राहतं, आणि त्याची किंमत पेशंटचे दंड आणि मांड्या मोजतात. शिवाय गाठ फक्त ग्लुकोजवर जगत नाही (प्रश्न १२).

स्नायू उतरले की किमो सोसत नाही, डोस कमी करावे लागतात, ऑपरेशननंतर जखम सावकाश भरते. गिळता येत नसेल तेव्हा मऊ भात, वरण, खीर, शिरा हे पेशंटला जगवणारं अन्न आहे. मधुमेह असेल तर साखर सांभाळायचीच, पण ती मधुमेहासाठी.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्षानुवर्षांचा लठ्ठपणा आणि त्यासोबत वाढलेलं इन्सुलिन यांमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा, आतड्याचा, रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाचा असे काही कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून निरोगी माणसाने गोड कमी करणं शहाणपणाचं. धोका कमी करणं आणि झालेली गाठ उपाशी मारणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

८. कीटो डाएट किंवा कडक उपवासाचं काय? परदेशात ट्रायल झाल्या आहेत म्हणे.

झाल्या आहेत, बहुतेक छोट्या आहेत, आणि नुसत्या कीटोने आयुष्य वाढल्याचं त्यांतून सिद्ध झालेलं नाही.

उंदरांमधलं २०१८ चं एक काम मात्र महत्त्वाचं आहे. पीआय३के हा पेशीच्या वाढीचा मार्ग (प्रश्न ६) अडवणारी औषधं दिली की रक्तातली साखर चढते, स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि ते इन्सुलिन अडवलेला मार्ग पुन्हा उघडतं. कीटो आहाराने इन्सुलिन खाली राहिलं आणि औषध जास्त लागू पडलं. पण त्याच शोधनिबंधात रक्ताच्या कॅन्सरच्या एका नमुन्यात नुसत्या कीटोवरचे उंदीर लवकर दगावले. फॉरवर्डमध्ये पहिला अर्धा भाग येतो, दुसरा गाळलेला असतो. चातुर्मासातले किंवा श्रावणी सोमवारचे उपवास करायचे असतील तर वजन, मधुमेहाच्या गोळ्या आणि किमोची तारीख बघून डॉक्टरांना आधी विचारा.

९. गाठीभोवती आम्ल असतं, मग अल्कलाइन पाणी किंवा खायचा सोडा घेतला तर?

पहिला अर्धा भाग बरोबर आहे. लॅक्टेटबरोबर आम्लही बाहेर पडतं आणि गाठीभोवतीचा पीएच ६.५ ते ६.९ पर्यंत उतरू शकतो. तिथे टी-पेशी सुस्तावतात आणि आजूबाजूची ऊती झिजून गाठीला पसरायला वाट मिळते. पण रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्ये धरून ठेवतात. अल्कलाइन पाण्याने लघवीचा पीएच बदलेल, गाठीचा नाही. रोज चमचाभर सोडा पोटात गेला तर सोडियम वाढतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ते धोक्याचं आहे.

१०. पेट स्कॅनच्या आधी उपाशी का ठेवतात? आणि इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत गप्प का बसवतात?

कारण पेट स्कॅन वॉरबर्ग यांच्या निरीक्षणावरच चालतो. इंजेक्शनमध्ये एफडीजी असतं: ग्लुकोजसारखाच रेणू, त्यावर किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्यावर फॉस्फेट चढवतं, पण पुढची पायरी होत नाही आणि ते आत अडकून बसतं. जिथे ग्लुकोजची ओढ जास्त तिथे साठा जास्त, तिथे चित्र जास्त गडद.

आता तुमचा प्रश्न. जेवून आलात तर इन्सुलिन वाढलेलं असतं आणि ते एफडीजी स्नायूंत ढकलतं. म्हणून किमान ४ ते ६ तास उपास आणि आधी बोट टोचून साखरेची तपासणी. इंजेक्शननंतर सुमारे तासभर थांबवतात, तेवढ्यात बोललात तर स्वरयंत्राचे स्नायू दिसतात, च्युइंगगम चघळलंत तर जबड्याचे, थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी उजळते. म्हणून पांघरूण देतात आणि मोबाइल बाजूला ठेवायला सांगतात. स्कॅनला जाण्याआधी लघवी करून यायला सांगतात, कारण एफडीजी मूत्रावाटे बाहेर पडतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं असतं, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. मशीन बिघडलं की अपॉइंटमेंट पुढे जाते ती यामुळे. भारतातला पहिला पेट स्कॅनर आणि वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

११. पेटमध्ये गाठ उजळली म्हणजे कॅन्सरच ना?

नाही, आणि आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. टीबीच्या गाठी भरपूर उजळतात, कारण तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशीही ग्लुकोज ओढतात. न्यूमोनिया, सार्कॉइड, नुकतंच झालेलं ऑपरेशन, अगदी दंडात घेतलेली लस, यांनीही उजळतं. निदान बायॉप्सीवर होतं.

उलटंही घडतं. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर, सावकाश वाढणारे न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर, यकृताचे काही कॅन्सर आणि श्लेष्मल द्रव्याने भरलेल्या गाठी एफडीजीवर फिक्या दिसतात. त्यांच्यासाठी पीएसएमए, डोटाटेट असे वेगळे पेट आहेत. मेंदू तर एरवीही इतकं ग्लुकोज वापरतो की सगळाच उजळलेला दिसतो. ‘पेट स्वच्छ आला’ हे वाक्य कोणत्या कॅन्सरसाठी आणि कोणत्या पेटवर, हे विचारून घ्या.

१२. ग्लुकोजशिवाय कॅन्सरची पेशी आणखी काय वापरते?

मिळेल ते. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल सगळ्यात ठळक. हॅरी ईगल यांनी १९५०च्या दशकात दाखवलं की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना ते इतर अमिनो आम्लांपेक्षा कितीतरी जास्त लागतं. शिवाय चरबी, अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेटसुद्धा. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना खुणेचा कार्बन देऊन केलेल्या अभ्यासात, २०१७ मध्ये, काही गाठी रक्तातलं लॅक्टेट इंधन म्हणून वापरताना दिसल्या.

२०२१ मध्ये उंदरांच्या गाठींतल्या पेशी वेगवेगळ्या करून मोजलं, तेव्हा दर पेशीमागे सर्वांत जास्त ग्लुकोज ओढत होत्या प्रतिकारयंत्रणेच्या काही पेशी. कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिनला जास्त धरून होत्या. गाठ उजळते त्यात गाठीत घुसलेल्या पाहुण्यांचाही वाटा असतो.

१३. आई थोडंफार जेवते, तरी वजन उतरतच चाललंय. गाठ सगळं खाते का?

गाठीने खाल्लेलं हे त्यातलं एकच कारण, आणि बहुधा मोठं नाही. गाठीने सोडलेलं लॅक्टेट यकृत उचलतं आणि पुन्हा ग्लुकोज करतं. गाठीला २ एटीपी मिळाले, यकृताचे ६ खर्च झाले. हा घाटा शरीर सोसतं. त्यापेक्षा मोठा परिणाम गाठीमुळे रक्तात वाढणाऱ्या दाहकारक द्रव्यांचा असतो. ती भूक मारतात आणि स्नायू मोडतात. म्हणून नुसतं जास्त भरवून हे पूर्ण थांबत नाही, आणि भरवणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये. आहारतज्ज्ञाकडे पहिल्या दोन-तीन किलोंनाच जा, दहा उतरल्यावर नको.

१४. रक्तात एलडीएच वाढलंय. हे त्याच लॅक्टेटचं ना?

हो, पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांची अदलाबदल करणारं हेच एन्झाइम. पण रक्तात ते येतं पेशी फुटल्यामुळे. लिम्फोमा, वृषणाचा कॅन्सर आणि मेलॅनोमा यांत आजाराचा भार जोखायला ते वापरतात. एरवी यकृत, स्नायू, तांबड्या पेशी कशानेही वाढतं. नमुना घेताना रक्त फुटलं तरी वाढतं. एकट्या एलडीएचवरून कॅन्सर ठरत नाही.

१५. मेटफॉर्मिन किंवा कोविडमध्ये आलेलं २-डीजी कॅन्सरवर चालतं का?

मेटफॉर्मिन तंतुकणिकांच्या श्वसनसाखळीची पहिली पायरी मंदावतं, म्हणून आशा मोठी होती. मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झालेल्या ३,६०० हून अधिक पेशंटवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रोग परतणं त्याने कमी झालं नाही. मधुमेहासाठी चालू असेल तर अर्थातच चालू ठेवा.

२-डीजी हा पेट स्कॅनमधल्या एफडीजीचाच (प्रश्न १०) सख्खा नातेवाईक आणि तोही हेक्सोकायनेजनंतर अडकतो. डीआरडीओच्या दिल्लीतल्या इन्मास संस्थेने मेंदूच्या गाठींत रेडिएशनच्या जोडीला तो तपासला होता. मे २०२१ मध्ये कोविडसाठी त्याला आणीबाणीची मंजुरी मिळाली. कॅन्सरसाठी तो मंजूर नाही. ग्लुकोजचा मार्ग सरसकट अडवला की मेंदूही अडतो, हा या सगळ्या प्रकारच्या औषधांचा मूळ अडसर आहे.

१६. मग चयापचयावर घाव घालणारं एकही औषध यशस्वी झालेलं नाही?

झालं आहे, आणि सगळ्यात जुन्या किमोपैकी ते आहे. त्याचा धागा मुंबईतून जातो.

१९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरोदर बायकांच्या तीव्र रक्तक्षयाचा शोध घ्यायला आली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवलं. त्यातला घटक पुढे फोलिक आम्ल ठरला. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फोलिक आम्ल आणि त्याची नक्कल करून त्याला अडवणारे रेणू बनवले. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना वाटलं की फोलिक आम्लाने मुलांचा ल्युकेमिया उलट भडकतो. म्हणून त्यांनी सुब्बाराव यांच्याकडचं अमिनोप्टेरिन दिलं आणि १९४८ मध्ये १६ पैकी १० मुलांत आजार काही काळ मागे हटल्याचं छापलं. त्याचा भाऊबंद मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. डीएनएचा माल बनवणारं चयापचय अडवायचं, एवढंच हे औषध करतं.

दुसरं उदाहरण लहान मुलांच्या ल्युकेमियातलं अ‍ॅस्परॅजिनेज. त्या पेशी अ‍ॅस्परॅजिन पुरेसं बनवू शकत नाहीत, रक्तातून घेतात. औषध रक्तातलंच मोडून टाकतं. निरोगी पेशी स्वतःचं बनवून तगतात. गाठीला खरंच उपाशी मारणारी ही पद्धत ताटातून काही काढून साधत नाही, शिरेतून किंवा स्नायूत एन्झाइम देऊन साधते.

१७. बायॉप्सीत ‘आयडीएच म्यूटंट’ लिहिलंय. हा चयापचयाचा बिघाड आहे का?

हो, आणि प्रश्न ५ मधला अपवाद इथे येतो. थोड्या कॅन्सरांत चयापचयाचं एन्झाइमच मुळाशी असतं. तंतुकणिकेतलं एसडीएच हे एन्झाइम बिघडलं तर पॅरागँग्लिओमा ही मज्जातंतूंच्या पुंजक्यांतली गाठ, तिथलंच फ्युमरेट हायड्रेटेज बिघडलं तर त्वचा आणि गर्भाशयातल्या स्नायुगाठी व मूत्रपिंडाचा एक आक्रमक कॅन्सर. हे दोष घराण्यात चालतात, म्हणून भावंडांची तपासणी सुचवली जाते.

आयडीएच या एन्झाइमच्या जनुकातला बदल मात्र सहसा गाठीपुरता असतो, मुलाबाळांकडे जात नाही. बदललेलं एन्झाइम २-हायड्रॉक्सीग्लुटरेट नावाचं द्रव्य साठवतं (हे २००९ मध्ये कळलं), ते डीएनएवरच्या खुणा पुसणाऱ्या एन्झाइमना अडवतं आणि पेशी प्रौढ होतच नाही. मेंदूच्या ग्लायोमात हा बदल असणं हे नसण्यापेक्षा बरं. अशा पेशंटचं आयुर्मान सरासरीने जास्त असतं. ग्लायोमाच्या दुसऱ्या श्रेणीसाठी व्होरासिडेनिब अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालं. एएमएल या ल्युकेमियासाठी एनासिडेनिब २०१७ मध्ये आणि आयव्होसिडेनिब २०१८ मध्ये.

ल्युकेमियाची ही औषधं पेशी मारण्याऐवजी त्यांना प्रौढ करतात, त्यामुळे परिणाम दिसायला महिने लागू शकतात. त्या काळात ताप, धाप लागणं, एकदम वजन वाढणं, पायांवर सूज यांपैकी काही दिसलं तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करा. पेशी एकदम प्रौढ होताना हा त्रास होतो, आणि वेळेत स्टिरॉइड दिलं तर बहुधा आटोक्यात येतो.